अण्णांनी नेलेले रविवार

अण्णांचा विषय निघाला की आमची ही स्वयंपाकघरातून ओरडते, "काहीतरी जळल्याचा वास येतोय हो!" गॅसवर काहीही नसतं. जळत असतो मी.

खरं सांगायचं तर अण्णांनी माझं कधी काही वाईट केलं नाही. ही त्यांच्याबद्दलची माझी पहिली तक्रार. माणसानं थोडं तरी वाईट वागावं, म्हणजे समोरच्याला जळायला रीतसर कारण मिळतं. मला बिनकारणाचं जळावं लागलं.

साताऱ्याच्या मोजणी कार्यालयात आम्ही नऊ वर्षं एकत्र होतो. मी आवक-जावकच्या टेबलाला, ते शेतांवर मोजणीला. मोजणीचं काम काय असतं हे ज्याला भाऊबंद आहेत त्याला सांगायला नको. दोन भावांच्या मध्ये वीतभर बांध असतो आणि त्या बांधावर आमचा माणूस यंत्र लावून उभा राहतो. हद्द इकडे सरकली की हा शिव्या देतो, तिकडे सरकली की तो. पूर्वी साखळीनं मोजायचे, आता उपग्रहाशी बोलणारं यंत्र आलंय. शिव्या त्याच आहेत. बाकीचे मोजणीदार संध्याकाळी ऑफिसात परत आले की दहनावरून आल्यासारखे दिसायचे. अण्णा यायचे ते बाजारातून कोवळी मेथी मिळाल्यासारखे.

मी दिवसभर पंख्याखाली बसून रक्तदाबाच्या दोन गोळ्या खायचो. ते उन्हात उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खायचे आणि रात्री गाढ झोपायचे. याला न्याय म्हणतात का?

अण्णा मिरजेच्या पलीकडच्या एका गावचे. उसाची शेती असलेलं जैन घर. अंगानं किडकिडीत, उन्हानं रापलेले, डोक्यावर क्रिकेटच्या पंचासारखी गोल टोपी आणि शर्टाच्या खिशात कायम कणकेची नाहीतर शेंगपेंडीची गोळी. कारण दर रविवारी हा माणूस मेढ्याच्या रस्त्याला धरणाच्या पाण्यावर काठी आणि दोरी घेऊन मासे धरायला बसायचा. ज्यांच्या घरात चातुर्मासात कांद्यालासुद्धा उंबरा ओलांडायची परवानगी नाही, त्या घरचा मुलगा! ऑफिसला हा विषय चहाबरोबर खारीसारखा पुरायचा.

"अण्णा, मासं खातंय कोण मग?" शिपाई विचारायचा.

"मासंच खात्यात," अण्णा म्हणायचे आणि पुढची फाईल ओढायचे.

आम्ही हसायचो. यापेक्षा जास्त त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अण्णा देत नसत. ती त्यांची पद्धतच होती. साहेबांनी "मोजणी झाली का?" विचारलं तर "झाली" म्हणायचे. झाल्यावर दोन्ही भावांनी यंत्राचा तिपाया ओढ्यात टाकला होता, हे साहेबांना आठवड्यानं दुसऱ्याकडून कळायचं. "आवं, तुमी मोजणीचं इचारलं."

एकदा माणसं कमी होती म्हणून मलाही त्यांच्याबरोबर लोणंदकडे एका गावी जावं लागलं. दोन सख्खे भाऊ, मधला बांध, आणि दोघांच्या हातात खोरी. आवाज चढत चालले तसा मी हळूहळू जीपकडे सरकायला लागलो. अण्णा बाभळीखाली बसले, डबा उघडला आणि पेंड मळायला लागले. पाणी घालून, हळद टाकून, पुरणाचा गोळा करावा तसं निवांत. थोरल्याची शिवी अर्ध्यावर थांबली.

"हे काय करताय वं?"

"माशाचं जेवाण."

"पेंडीला मासा येत नसतोय," धाकटा म्हणाला. "मक्याचं पीठ पायजे."

"ह्याला काय कळतंय," थोरला म्हणाला. "आपला आज्जा कण्हेरीच्या डोहावर काय लावायचा, सांग बरं?"

पुढचा अर्धा तास दोघं भाऊ त्यांच्या आज्ज्यानं काय लावलं होतं यावर तावातावानं बोलत होते, पण बांधाच्या एकाच बाजूला बसून. पंचनाम्यावर सह्या झाल्या. परत येताना मी विचारलं, "अण्णा, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"न्हाई गड्या. उद्या रविवार हाय. मळून ठेवली तर मुरती."

आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आठवडाभर आपण लोकांस्नी बांध दाखवत फिरायचं. एक दिस तरी बिनबांधाचं बघाय पायजे का नको? पाण्यात बांध न्हाई." त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं, की तो डबा मी उघडला असता तर खोऱ्याचा दांडा आधी माझ्या डोक्यात बसला असता.

इथपर्यंतचं जळणं साधं होतं, गोळ्यांमध्ये भागणारं. पुढे अण्णा आमच्या घरात शिरले.

माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मेढ्याजवळ आमचं गाव. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्यात फ्लॅटवर आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते बसायचे आणि दिवसातून चार वाक्यं बोलायचे. "चहा झाला का." "पेपर कुठाय." "लाईट गेली." "बंद करा त्ये." मी काय केलं नाही? टीव्हीला वरचे चॅनल घेतले, नवा फोन दिला, बागेतल्या हास्यक्लबात नाव घातलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथं जाणं बंद केलं. "उगंच हसत्यात," म्हणाले. हे त्या दिवसाचं पाचवं वाक्य.

एका शनिवारी अण्णा माझी विसरलेली फाईल द्यायला घरी आले. गॅलरीत आबांना पाहिलं. खाली आडवा पसरलेला सातारा, वर अजिंक्यतारा, मध्ये आबा. अण्णा दोन मिनिटं शेजारी नुसते उभे राहिले.

"सुभेदार, उद्या पाण्यावर येताय का? तीनला."

"येतो," आबा म्हणाले.

हास्यक्लब सोडला तर दीड वर्ष मी ज्या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊ शकलो नव्हतो, तो "येतो" म्हणाला!

दुसऱ्या दिवशी अडीचलाच आबा बूट घालून फाटकाशी. तीनला अण्णांची जुनी स्कूटर आली, आबा मागे बसले, पाठ ताठ, जणू परेडला निघालेत. हिनं खोबरं-कोथिंबिरीचं वाटण करून ठेवलं. सातला परत आले. चेहरा उन्हानं लाल.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं की."

"कुठाय?"

"पाण्यात."

हिनं वाटण फ्रीजमध्ये ठेवलं आणि पिठलं टाकलं. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. तीन रविवार वाटण फ्रीजमध्ये जात राहिलं, चौथ्या रविवारी हिनं वाटणच केलं नाही. मासा कधीच आला नाही. आबा मात्र परत यायला लागले. जेवताना माझ्या लेकीला सांगायचे, "चिलापी लय भांडखोर. नुसती टकटक करती. राहू बघ, गुमान येतो, खातो, जातो. अण्णा तर नुसत्या दोरीवरनं सांगतोय कोण आलंय त्ये." दर दोन घासांना "अण्णा म्हणतोय." लेकीनं कुठल्या शाखेला जावं हे मी ठरवलं होतं. आबांनी अण्णांना विचारून बदललं. आणि चीड म्हणजे, तिचं बरं चाललंय.

तरीही मी सोसलं असतं. पण एक दिवस ऑफिसात डबा खाताना अण्णा सहज म्हणाले, "तुझी आई गुळाच्या पोळीत जायफळ घालायची न्हवं? आन तू लहानपणी पोळीच्या कडा काढून टाकायचास."

घास माझ्या हातात राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुभेदारांनी. आन कोण?"

आई गेल्यापासून आबांनी माझ्यासमोर तिचा उल्लेख केला नव्हता. एकदाही नाही. मीही विषय काढत नव्हतो, त्यांना त्रास नको म्हणून. आणि ते दर रविवारी पाण्याच्या कडेला बसून, सांगलीकडच्या एका परक्या मोजणीदाराला माझ्या आईची गुळाची पोळी सांगत होते.

त्याच रात्री मी फोनवरून काठी मागवली. परदेशी बनावटीची, चक्रीवाली, चमकणारी. पुढच्या रविवारी म्हटलं, "मीपण येतो." अण्णा हसले. पाण्यावर पोचल्यावर माझ्या दोरीच्या टोकाचा गळ त्यांनी बोटानं चाचपला आणि म्हणाले, "तू तिकडं बस गड्या. त्या खडकापलीकडं."

म्हणजे मला चाळीस पावलं लांब बसवलं! आबांजवळ ते, आणि पोटचा पोरगा खडकापलीकडे. पहिल्या फेकीला गळ माझ्याच पँटीत अडकला, दुसऱ्या फेकीला बाभळीत. तिकडून आबांचा आवाज, "लय हालतोस रं तू!" पण तासाभरानं माझ्या गळाला चांगली अर्धा किलोची चिलापी लागली. तडफडता मासा दोन्ही हातांत धरून मी धावत त्यांच्यापर्यंत गेलो.

आबा म्हणाले, "सोड त्येला. बारका हाय."

अण्णांनी तर माझ्याकडे पाहिलंही नाही. ते उठून समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. मी मनात म्हटलं, जळला! एकदाचा अण्णा जळला! त्या रात्री मला गोळीशिवाय झोप लागली.

भाद्रपदात अण्णांच्या आईनं, आक्कांनी, दहा दिवसांचे उपास धरले. सत्तरी उलटून गेलेली बाई, दहा दिवस फक्त गरम करून गार केलेलं पाणी. शेवटी पारणं असतं. घरची, पाव्हणी माणसं जमतात आणि उपास करणाऱ्याला चमच्या-चमच्यानं घास देऊन उपास सोडवतात. अण्णा रजा घेऊन आधीच गावी गेले होते. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. आबांनी अण्णांना द्यायला औंधच्या बाजारातली घोंगडी पाठवली. मला माझ्या पन्नाशीला त्यांनी "बरं" एवढंच दिलं होतं.

सोप्यात पन्नासेक माणसं. आक्का पाटावर बसलेल्या, कागदासारख्या पातळ आणि तरी ताठ. पहिला मान थोरल्या मुलाचा. अण्णा मुगाच्या पाण्याची वाटी आणि चमचा घेऊन समोर बसले. कौतुकानं सगळे बघत होते. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "पोरगा बी आईसारखाच. मुंगीला जपून पाऊल टाकणारा."

ते वाक्य मला सहन झालं नाही. माझ्या तोंडातून हसत हसत, गमतीनं म्हणतात ना तसं, निघून गेलं, "मुंगीला जपत असतील. पण आमच्या साताऱ्यातले मासे यांच्या गळाला घाबरतात हो, आक्का. दर रविवारी पाण्यावर असतात."

हसलं कुणीच नाही. चमचा आक्कांच्या ओठांपाशी होता. त्यांनी तोंड बाजूला वळवलं.

"खरं हाय?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"पाण्यावर जातो, त्ये खरं हाय."

"मग ह्या हातानं मी उपास सोडायची न्हाई."

दहा दिवस अन्न न घेतलेली बाई आणि तिच्यासमोर तिचा छप्पन्न वर्षांचा मुलगा, चमचा तसाच धरून. माझी ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी इथं लिहीत नाही. अण्णांनी चमचा वाटीत ठेवला, खिशात हात घातला आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली दोरी काढून आईच्या मांडीवर ठेवली.

आक्कांना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी दोरी उलगडली आणि बोटांनी चाचपत चाचपत पुढे गेल्या, काटा कुठं टोचेल म्हणून जपून. मध्ये मोरपिसाचा तरंगणारा दांडा लागला. त्याच्या पुढे वीतभर दोरी. टोकाला गाठ. गाठीपुढे काहीच नव्हतं.

"गळ कुठाय?"

"न्हाई. कवाच न्हवता. पेंडीची गोळी बांधतो. मासा येतो, खातो, जातो."

"आन तू काय करतोस?"

"बघतो."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस."

आक्का बराच वेळ ती गाठ बोटात फिरवत राहिल्या. "दोरीला गळ न्हाई ह्ये तुला ठावं, माशाला ठावं," त्या म्हणाल्या. "लोकांस्नी कुठं ठावं? चार लोकांत माझं पोरगं मासं मारतंय म्हणत्यात, आन मला आज पाव्हण्याकडनं कळतंय. आजपास्नं त्या काठीला हात लावायचा न्हाई. नियम घे."

"घेतला," अण्णा म्हणाले. वाद नाही, खुलासा नाही. मग चमचा उचलला. आक्कांनी तोंड उघडलं.

परतीच्या वाटेवर इस्लामपूरला हिनं गाडीची काच वर घेतली. मग म्हणाली, "झालं समाधान?"

समाधान कसलं! मला लाज वाटत होती, ते ठीक. पण माझा स्वभाव असा, की लाजेच्या खालीसुद्धा एक नवीन जळणं सापडलंच. दोन वर्षं आबा त्या बिनगळाच्या दोरीशेजारी बसत होते. म्हणजे आबांना माहीत होतं. मला खडकापलीकडे का पाठवलं, ती चिलापी का सोडायला लावली, अण्णा डोंगराकडे का वळले, सगळं माहीत होतं. आणि घरी येऊन माझ्या ताटाला ताट लावून पिठलं खाताना त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी अडीचला आबा बूट घालून फाटकाशी उभे राहिले. मी वरून बघत होतो. अण्णा येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. काठीच बंद, तर येतील कशाला? आता मला खाली जाऊन सांगावं लागणार होतं, की आबा, चला वर, तुमचा रविवार संपला, आणि तो मी संपवला. उद्यापासून परत गॅलरी आणि चार वाक्यं. एकेक पायरी मी मोजून उतरलो.

मी खाली पोचायला आणि स्कूटर यायला एकच गाठ पडली. काठी अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, बाजूला बांधून दिलेली. अण्णा उतरले नाहीत. मला म्हणाले, "सोड ती काठी आन तुझ्या गाडीला बांध. नियम माझा हाय. तुझा न्हाई."

त्या दिवशी पाण्यावर मी मध्ये बसलो. दोरीला पेंडीची गोळी बांधली, पाण्यात टाकली आणि काठी धरून बसलो. अण्णा डावीकडे, हात मांडीवर. आबा उजवीकडे. दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते, मी कुंपणाचा खांब असल्यासारखा. दांडा एकदा टकटकला, बुडाला, वर आला. कुणीतरी खाऊन गेलं होतं.

मला राहवलं नाही. "आबा, आक्कांना मी सांगितलं."

"ठावं हाय."

"अण्णांनी सांगितलं?"

"त्यो काय सांगतोय! फोनवर म्हणला, कुणीतरी सांगितलं. कुणीतरी म्हंजे तूच. दुसरं हाय कोण जळणारं?" आबांनी पाण्यात एक खडा टाकला. "आन जळाय काय झालं तुला?"

काय सांगणार? पन्नाशीच्या माणसानं बापाला काय सांगायचं? मी म्हटलं, "तुम्ही त्यांना सगळं सांगता. आईचंपण."

आबा गप्प झाले. नेहमीचे गप्प. मला वाटलं, संपलं, हे वाक्यही वाया गेलं. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "तू कवा बसलास?"

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सुरू केलं. "तू झालास तवा मी वर पोस्टवर हुतो. तार आली. त्या टायमाला तार म्हंजे कोण तरी गेलं, एवढंच. मी उघडलीच न्हाई. खिशात घातली आन ड्यूटीवर हुबा ऱ्हायलो. आठ तास. म्हटलं, उघडली न्हाई तवर ती जित्ती हाय."

माझ्या डावीकडे अण्णांचे ओठ हलत होते. शब्द आबांच्या तोंडून येण्याआधी एक क्षण त्यांच्या ओठांवर येत होता. माझ्या जन्माची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ती या माणसाला तोंडपाठ होती!

"मग लंगरात, फौजी सैपाकघरातल्या दिव्याखाली उघडली," आबा म्हणाले. "इंग्रजीत हुती. पोरगा झाला, एवढंच हुतं. म्हटलं, आन ती? तिचं कायच न्हवतं त्यात. आई बरी हाय का गेली, कायच न्हाई. मग..."

आबा अडले. खिशात रुमाल शोधला, सापडला नाही. मी अण्णांकडे पाहिलं. पुढचं त्यांना माहीत होतं, ते तोंड उघडतच होते. पण माझ्याकडे बघून त्यांनी ते मिटलं. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"जरा पाय मोकळं करून येतो, सुभेदार," म्हणाले आणि काठाकाठानं चालत गेले. मागे वळून न बघता, वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत.

"मग काय झालं, आबा?" मी विचारलं.

"मग तीन आठवडं," आबा म्हणाले. "तीन आठवड्यानं तिच्या हातचं पत्र आलं. तवर मी तुझं पेढं वाटलं न्हाईत. म्हटलं, आदी ती. तुझं नाव घेऊन हसलो त्ये पत्र आल्यावर. तुला कवा सांगितलं न्हाई. वाटलं, पोराला वाईट वाटंल."

दांडा दोनदा बुडाला. मी काठी हलवली नाही.

अण्णा आता निवृत्त होऊन गावी असतात. रविवारी मी आबांना घेऊन पाण्यावर जातो, आणि आबा मला बऱ्याच गोष्टी सांगतात. पण ती एवढी मोठी गोष्ट तोंडपाठ असताना, ती ज्याची त्याला मिळावी म्हणून नेमक्या जागी उठून चालू लागणं, मागे वळूनही न बघणं, हे मला सात जन्मांत जमलं नसतं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर जळू नये तर काय करावं?